सिस्टरांचं राहिलेलं गाणं

सिस्टर पहिल्यांदा माझ्या स्टुडिओत आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी घमेलं मागितलं. चहा नाही, पाणी नाही, बसायला खुर्ची नाही. घमेलं. मला वाटलं, बाईंना प्रवासात मळमळलं असेल. सिंदेवाहीहून चंद्रपूरपर्यंत एसटीच्या मागच्या सीटवर बसून आलेल्या माणसाला ते होऊ शकतं. मी धावत खाली गेलो आणि शेजारच्या बांधकामावरून एक घमेलं उचलून आणलं. त्यांनी ते स्वच्छ धुतलं, अर्धं पाण्यानं भरलं, माईकसमोर ठेवलं, चपला काढल्या आणि दोन्ही पाय त्यात बुडवून उभ्या राहिल्या.

"हं भाऊ, करा सुरू."

माझ्या स्टुडिओत जमिनीवर वायरींचं जाळं पसरलेलं असतं. मी मेन स्विचकडे झेप घेतली. "सिस्टर, अहो करंट लागेल! काही झालं तर कोण बघणार?"

"मी पाहीन न. नर्स मीच आहो," त्या शांतपणे म्हणाल्या.

पाय कोरडे असले की त्यांचा आवाज हवेत जातो आणि ओले असले की जमिनीवर राहतो, असं त्यांचं शास्त्र होतं. मी हे शास्त्र कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही, पण त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे आपलाच वेळ दवडणं, हे मला अर्ध्या तासात कळलं. शेवटी सगळ्या वायरी खुर्च्यांवर चढवल्या, माईकच्या स्टँडला रबर गुंडाळलं आणि मी स्वतः रबरी चपला घालून यंत्रापाशी बसलो. पुढे त्या जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा हीच व्यवस्था राहिली. ते घमेलं परत करायचं राहूनच गेलं.

त्यांचं नाव मला माहीत आहे. पण ते इथं लिहून काही उपयोग नाही, कारण त्यांच्या गावात त्या नावानं विचारलंत तर कुणी घर दाखवणार नाही. सरकारी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून त्या सिस्टर. चर्चमध्ये सगळ्याच बायका एकमेकींच्या सिस्टर. मग गाव म्हणायला लागलं, आणि शेवटी नवराही घरात सिस्टरच म्हणायला लागला. अल्बमवर नाव काय टाकायचं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर टाका. दुसऱ्या नावानं मले कोन ओळखते?"

माझं काम तसं ठरलेलं. एप्रिलच्या आधी भीमगीतं. ते आमच्या घरातलंच काम, वडील गायचे. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांची गाणी, उन्हाळ्यात लग्नाची, आणि मधेच कुणी निवडणुकीला उभा राहिला की त्याचा जयजयकार. ख्रिस्ती भक्तिगीतंही मी एक-दोनदा केली होती. पेटी, तबला, संथ चाल, शेवटी आमेन. त्यामुळे सिस्टरांनी अल्बम करायचा म्हटल्यावर मी तबलजीला फोन लावायला घेतला.

"तबला नको," त्या म्हणाल्या. "मले पॉप पायजे."

पन्नाशीला टेकलेली बाई. सुती साडी, चापून बसवलेले केस, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी फोन काढला आणि मला कुठल्या तरी परदेशी पोरीचं गाणं ऐकवलं, ज्यात ड्रम असे वाजत होते की टेबलावरचा कप हलला. "असं धडाम पायजे."

"पण सिस्टर, देवाची गाणी आहेत ना?"

"मंग? देव काय फक्त म्हाताऱ्याईचा हाये का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पाहा भाऊ, दवाखान्यात लोक येतेत तवा आधीच रडत येतेत. त्याईले मी आनखी रडकं गाणं काऊन ऐकवू?"

तबलजीला मी फोन केला नाही.

त्यांचा आवाज गोड वगैरे नव्हता. भरदार होता, थोडा खालचा, एकेक शब्द स्वच्छ. एका बांधावरून हाक मारली तर चार शेतं ओलांडून जाईल असा. त्या आवाजाला सिंथ आणि ड्रम शोभतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण पहिलं गाणं झालं आणि विकास, माझा की-बोर्डवाला, हात बाजूला घेऊन नुसता हसत बसला. दिवसा तो कोळशाच्या खाणीत कारकून आहे, आणि सहसा हसत नाही.

विकासवर त्यांचा जीव होता, पण त्याची सुरुवात भांडणानं झाली. सिस्टर प्रत्येक वेळी रेकॉर्डिंगच्या आधी सगळ्यांचा बीपी तपासायच्या. यंत्र त्या पिशवीतूनच आणायच्या. तपासल्याशिवाय कुणी वाद्याला हात लावायचा नाही. विकासचा बीपी भलताच वर निघाला. त्यानं हसण्यावारी नेलं, तर सिस्टरांनी त्याचा की-बोर्ड बंद करून टाकला. "गोळी सुरू करशील तवा वाजवजो. माह्या देवाच्या गान्यात कोनी पडून मेलं तं मी त्याले काय सांगू?" विकासनं गोळी सुरू केली. त्याची बायको आजही सिस्टरांचं नाव काढलं की हात जोडते.

देवाशी त्यांचं बोलणं मोठ्यानं असायचं आणि ते ऐकणाऱ्याला प्रार्थना आहे की झगडा, हे लवकर कळायचं नाही. एकदा गाणं रंगात आलं आणि लाइट गेली. आम्ही अंधारात बसलो. सिस्टर घमेल्यात तशाच उभ्या. छताकडे पाहून म्हणाल्या, "बापा, एकच कडवं राह्यलं होतं. तुले दम नाई का?" नेमकी लाइट आली. विकास तेव्हापासून जरा घाबरूनच असतो.

हे सगळं चालून गेलं असतं. मला खरा त्रास झाला तो त्यांच्या गाणं पक्कं करण्याच्या पद्धतीचा.

माझ्या दृष्टीनं एकदा रेकॉर्ड झालेलं गाणं संपलं. सिस्टरांच्या लेखी तिथं नुसता केसपेपर निघायचा, तपासणी पुढेच. आमचा हा धानाचा पट्टा. पावसाळ्यात रोवणी असते. बायका पोटऱ्यांएवढ्या चिखलात ओणव्या होऊन रोपं लावतात आणि लावता लावता गातात. एक बाई पुढची ओळ म्हणते, बाकीच्या उत्तर देतात. सिस्टर लहानपणापासून रोवणीला जाणाऱ्या. नोकरी लागली तरी त्या रजा टाकून जायच्या, आणि आपलं नवं गाणं त्या बायकांसमोर ठेवायच्या. पुढची ओळ सिस्टरांची, उत्तर बायकांचं. बायका अडखळल्या, कंटाळल्या किंवा त्यांनी आपणहून शब्द बदलला, की गाणं कच्चं. मग सिस्टर बदललेलं गाणं घेऊन पुन्हा चंद्रपूरला. रोवणी नसली तर निंदण, निंदण नसलं तर कापणी. बायका न अडखळता शेवटपर्यंत गेल्या की मगच, "भाऊ, पक्कं झालं."

दोन वर्षं आम्ही हा अल्बम करत होतो ते यामुळे. झालेलं गाणं पुन्हा करायचं म्हटलं की माझं डोकं फिरायचं. "सिस्टर, हे शेतात ऐकायचं गाणं नाही, फोनवर ऐकायचं आहे," मी म्हणायचो.

"फोन काय शेतात नाई नेत का?" असं त्या म्हणायच्या.

त्या बायकांची पुढारी सुगंधाबाई. सिस्टरांच्याच वयाची, उंच, काटक, बोलायला फटकळ. ती काही ख्रिस्ती नव्हे. तिच्या घरी गणपती बसतो, आणि रांगेतल्या निम्म्या बायका आमच्यातल्या, बौद्ध. एकदा मी तिला विचारलं होतं, तुम्ही येशूची गाणी कशी काय म्हणता? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला भात कसा खाता हे विचारलं. "गानं बेस हाये. हात चालते. आनखी काय पायजे?"

या बायकांनी केलेला सगळ्यात मोठा बदल आमच्या चांगलाच अंगाशी आला असता. सिस्टरांच्या एका गाण्यात प्रभू मेंढपाळ होता. रेकॉर्डिंग झालं, मीही खूश होतो. महिनाभरानं सिस्टर आल्या त्या सांगतच, की बायकांनी मेंढपाळ काढून ढोरकी घातला. ढोरकी म्हणजे गावची गुरं चारणारा. मेंढरूही गेलं, त्या जागी वासरू आलं. मी कपाळाला हात लावला, पण पुन्हा रेकॉर्ड केलं. ही बातमी चर्चमध्ये गेली आणि एके दिवशी त्यांचे पास्टर स्वतः स्टुडिओत हजर झाले. वयस्कर, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी गाणं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "सिस्टर, शास्त्रात मेंढपाळ आहे. आपण ते बदलू शकत नाही."

"पास्टर, आपल्या इकडे मेंढरं किती जनाईनं पाह्यले?" सिस्टर म्हणाल्या. "अन् ढोरकी तं रोज पाह्यते. मागच्या साली आमच्या गावच्या ढोरक्यानं वाघाच्या तोंडून वासरू ओढून आनलं. खांदा फाटला होता त्याचा. मीच पट्टी बांधली, मीच त्याले गाडीत घालून चंद्रपूरले धाडलं. जाता जाता मले काय म्हने, सिस्टर, बाकीचे ढोरं घरी पोचले का तेवढं पाहून घेजा."

पास्टरांचा चष्मा पुसणारा हात थांबला. मग त्यांनी विचारलं, "वासरू जगलं?"

"जगलं. ढोरकी बी जगला."

"मग राहू द्या तसंच," पास्टर म्हणाले, आणि चष्मा लावून ते गाणं त्यांनी आणखी एकदा ऐकलं. त्या वेळी ड्रमबरोबर त्यांचा पाय हलत होता, हे मी सिस्टरांना नंतर सांगितलं. त्या इतक्या हसल्या की घमेल्यातलं पाणी सांडलं.

आठ गाणी अशी पक्की झाली. नववं राहिलं होतं. अल्बमचं ते शेवटचं गाणं, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं. त्याची चाल सिस्टरांनी मला एकदा फोनवर गुणगुणून दाखवली होती.

कोन आला बांधावरून, कोन आला गे?
पाय चिखलानं भरले, धुवून देऊ गे!

पहिली ओळ एकटीची, दुसरी सगळ्यांची. येशूनं शिष्यांचे पाय धुतले ते सगळ्यांना माहीत आहे. या गाण्यात तोच शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालत येतो, आणि रोवणीच्या बायका त्याचे पाय धुवायला निघतात. मी ऐकलं आणि त्याच क्षणी डोक्यात त्याचं संगीत वाजायला लागलं. या एका गाण्यासाठी पुढचं-मागचं सगळं माफ, असं मला वाटलं.

आणि मागच्या उन्हाळ्यात सिस्टरांच्या गळ्यात गाठ निघाली.

त्यांनीच ती चाचपून ओळखली, स्वतःच चिठ्ठी घेऊन नागपूरला गेल्या, तपासण्या करून आल्या आणि मग मला फोन केला. बोलण्याचा सूर असा, की दुसऱ्याच कुणाची केस सांगताहेत. गाठ काढावी लागणार होती. आवाजाची नस तिला अगदी चिकटून होती. आवाज राहील, बदलेल की जाईल, हे सर्जनलाही सांगता येत नव्हतं. ऑपरेशनची तारीख पावसाळ्यातली मिळाली.

"सिस्टर, उद्याच या," मी म्हणालो. "नववं गाणं गाऊन टाका."

"नाई भाऊ. अजून बायकाईनं म्हटलं नाई ते."

"अहो, रोवणीला अजून अवकाश आहे! आवाज गेला तर?"

"गेला तं गेला. कच्चं गानं ठेवून मी काय करू?"

मी खूप बोललो. हट्टीपणा म्हणालो, वेडेपणा म्हणालो. दोन वर्षांची मेहनत मातीत घालताय, असंही म्हणालो. त्या ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, की पेशंटला अर्धं औषध देऊन घरी पाठवत नाहीत. मी फोन ठेवून दिला आणि दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

त्या वर्षी पाऊस लांबला. सिस्टरांनी वर तगादा लावला असणार, यात मला शंका नाही. अखेर रोवणी सुरू झाली, सिस्टर रजा टाकून चिखलात उतरल्या, आणि एका दुपारी त्यांचा फोन आला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. "भाऊ, पक्कं झालं! एक शब्द नाई बदलवला बायकाईनं. परवा येतो मी. विकासले गोळी घेऊन ये म्हना." मी विकासला सांगितलं, स्टुडिओ झाडला, घमेलं भरून ठेवलं. त्याच रात्री पाऊस असा धो धो कोसळला की वाटेतल्या नाल्याच्या पुलावरून पाणी गेलं आणि चंद्रपूरची एसटी बंद पडली. पाणी उतरायच्या आत ऑपरेशनची तारीख आली. सिस्टर नागभीडच्या बाजूनं परस्पर नागपूरला गेल्या.

गाठ साधी निघाली. ही फार मोठी गोष्ट होती आणि आम्ही सगळे त्या बातमीनं मनापासून सुखावलो. पण आवाज गेला. म्हणजे बोलता येत होतं, घोगरं, तुटक. एका वाक्यात दोनदा श्वास संपायचा. सर्जन म्हणाले, वेळ जाऊ द्या, थोडंफार परत येईल. किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी त्या स्टुडिओत आल्या. गळ्याभोवती ओढणी होती. विकासचा बीपी तपासला, माझा तपासला. घमेलं मागितलं नाही, खुर्चीवर बसल्या. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

"आठच टाका," त्या म्हणाल्या. "नववं राहू द्या."

तेव्हा विकासनं धीर केला. गेले काही दिवस तो घरी एक उद्योग करत होता. हल्ली कॉम्प्युटरवर असे प्रोग्राम निघालेत, की माणसाचा जुना आवाज त्याला ऐकवला तर तो त्याच आवाजात नवं गाणं म्हणून दाखवतो. विकासनं आठ गाणी त्यात घातली होती, आणि मी फोनवर ऐकून त्याला म्हणून दाखवलेली ती चाल. त्यानं बटण दाबलं. सिस्टरांचा आवाज खोलीत आला. भरदार, खालचा, स्वच्छ. 'कोन आला बांधावरून, कोन आला गे?' कुठं खोट म्हणून काढता येणार नाही. मला वाटलं, सुटलो.

सिस्टरांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. विकासच्या पाठीवर हात ठेवला. "बेस गाते रे ही बाई," त्या त्यांच्या नव्या आवाजात म्हणाल्या. "पन हिनं कधी रोवनी नाई केली."

विकासनं ते गाणं पुसून टाकलं. मी त्याला थांबवलं नाही.

मग सिस्टरांनीच मार्ग काढला, किंवा काढला असं त्यांना वाटलं. गाणं बायकांना तोंडपाठ होतं. पुढची ओळ सुगंधाबाई म्हणेल, उत्तर बाकीच्या देतील. अल्बममध्ये शेवटचं गाणं त्या बायकांचं जाईल, सिस्टरांचा आवाज त्यात नसेल. "गानं राह्यलं म्हनजे झालं. कोन म्हनते त्याचं काय?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण म्हणताना भिंतीकडे पाहत होत्या.

रोवणी संपत आली होती. सुगंधाबाईची एक शेवटची बांधी उरली होती. बांधी म्हणजे चारही बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. मी रेकॉर्डर, माईक, प्लास्टिकचे कागद असं सगळं घेऊन सिस्टरांच्या गावी गेलो. आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. बायका रांगेनं चिखलात उतरल्या, हातात रोपांच्या पेंढ्या. मी बांधावर त्यांच्या बरोबर समोर माईक लावला, अंतर मोजलं, हेडफोन चढवला आणि हात वर केला.

आधी नुसताच चिखलात बोटं रुतण्याचा आवाज आला. डुबुक, डुबुक. सुगंधाबाईची पुढची ओळ आलीच नाही. आणि मग एकदम सगळ्या बायका म्हणाल्या, 'पाय चिखलानं भरले, धुवून देऊ गे!' पुन्हा नुसतं डुबुक, डुबुक, आणि पुन्हा सगळ्यांचं उत्तर. शिवाय प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा बारीक होत चाललं होतं. मी मशीनची बटणं पिळत बसलो. मान वर केली तर बायका बऱ्याच लांब गेलेल्या. रोवणी उलट्या पावलांनी करतात. लावलेलं रोप तुडवलं जाऊ नये म्हणून बाई लावत लावत मागे सरकते. रोवणीत पक्क्या होणाऱ्या गाण्यांवर दोन वर्षं घालवलेल्या माणसानं माईक समोर लावला होता, आणि गाणं माझ्यापासून दूर निघालं होतं.

"थांबा! थांबा!" मी ओरडलो.

बायका कंबर धरून उभ्या राहिल्या आणि झाला प्रकार कळल्यावर पोट धरून हसल्या. मीही हसलो. माईक उचलून मी पलीकडच्या बांधावर नेला, त्यांच्या पाठीमागे, म्हणजे आता त्या सरकत सरकत माझ्याकडेच येतील. मग मी विचारलं, "पण सुगंधाबाई, पुढची ओळ का नाही म्हणत?"

"मी नाई म्हनत. ते सिस्टरची हाये."

सिस्टर माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्या चिडल्या. चिडल्या की आवाज आणखी फाटायचा. "सुगंधा, ठरलं होतं न आपलं? माहा गळा गेला, तू म्हन!"

सुगंधाबाईनं हातातली पेंढी सोडवली, अर्धी रोपं शेजारणीला दिली आणि म्हणाली, "गळा गेला. तुमी कुठी गेल्या?"

सिस्टरांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मी तर रेकॉर्डरवर खाली वाकलो, कारण कुणाकडे पाहावं ते कळेना. सुगंधाबाई ओणवी झाली, तिच्यामागून सगळी रांग ओणवी झाली, आणि मी बटण दाबलं.

या वेळी गाणं लांबून सुरू झालं. बायकांच्या पाठी आमच्याकडे, तोंडं चिखलाकडे. पहिल्या ओळीची जागा रिकामी. बायका ती ओळ जितकी लांब असते तितका वेळ गप्प राहून रोपं लावत होत्या, आणि मग उत्तर देत होत्या. जणू पुढची ओळ कुणी तरी म्हटली आणि त्यांनी ऐकली. त्या एक पाऊल मागे आल्या. पुन्हा रिकामी जागा, पुन्हा उत्तर. हेडफोनमध्ये आवाज जवळ येत होता, एकेकीचा श्वास वेगळा ऐकू येऊ लागला होता. माझ्या धंद्यात रिकामी जागा म्हणजे चूक. ती कापायची किंवा भरायची. इथं ती इतक्या बायकांनी मिळून जपून ठेवलेली होती. माझे डोळे भरून आले, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

सिस्टरांचे ओठ हलत होते हे मी पाहिलं. पण आवाज नव्हता. रांग आमच्यापासून हाताच्या अंतरावर आली. आता मागे सरकायला जागा उरली नव्हती. आणखी एक-दोन ओळी, की बांधी संपणार, रोवणी संपणार आणि गाणंही. बायका गप्प झाल्या. डुबुक, डुबुक.

"कोन आला..." सिस्टर म्हणाल्या.

त्याला सूर म्हणता येणार नाही. अर्धी ओळ नुसती हवा होती. 'बांधावरून' या शब्दावर आवाज फुटला, थांबला, त्यांनी श्वास घेतला आणि तिथूनच पुढे ओढत त्या 'गे'पर्यंत पोचल्या. बायकांपैकी एकीनंही मागे वळून पाहिलं नाही. हात थांबले नाहीत. पण उत्तर असं आलं की माझ्या मशीनचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि तिथंच राहिला.

अल्बममध्ये ते तसंच आहे. ड्रम नाहीत, सिंथ नाही, मी काही धुतलं-पुसलं नाही. लोक मला फोन करून विचारतात, शेवटच्या गाण्यात ती फाटक्या आवाजाची बाई कोण? मी सांगतो, आधीची आठ गाणी म्हणणारीच. त्यांना खरं वाटत नाही.

गाण्याच्या शेवटी सुगंधाबाईचा आवाज आहे. ती ओणव्यानंच, मान न वळवता म्हणाली, "आल्या का सिस्टर? मंग उभ्या काऊन? पेंढी घ्या न हातात."

सिस्टरांनी ओढणी सोडून माझ्या खांद्यावर टाकली, साडी खोचली आणि त्या चिखलात उतरल्या. कोपऱ्यात थोडी जागा उरली होती. त्यांनी पेंढी घेतली, वाकल्या, आणि त्याच फुटक्या आवाजात पुढची ओळ उचलली. ते कडवं मी कधी ऐकलेलं नव्हतं. बायकांनीही ऐकलेलं नव्हतं. सिस्टर ते तिथंच जुळवत होत्या, आणि बायका उत्तर देत होत्या.